‘व्हर्बल’ म्हणजे तोंडी की शाब्दिक?

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य सर्वेक्षणाची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. पहिल्याच पानावर सर्वेक्षकांसाठी सूचना होती, की प्रश्न विचारण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची ‘व्हर्बल कन्सेंट’ घ्यावी. मी फारसा विचार न करता ‘शाब्दिक संमती घ्यावी’ असे लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळलो. महिनाभराने भरलेले कागद परत आले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या समासात निळ्या शाईने ‘मी संमती देते’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली कुठे सही, तर कुठे अंगठा होता. सर्वेक्षक मुलींनी ‘शाब्दिक’ याचा अर्थ ‘शब्दांत लिहून’ असा घेतला होता, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मूळ सूचनेचा हेतू मात्र नेमका उलटा होता. कागदावर सही-अंगठा मागितला की खेड्यातली बाई बिचकते, म्हणून नुसते विचारून होकार घ्यावा, एवढेच तिथे म्हणायचे होते.

तेव्हापासून ‘व्हर्बल’ हे विशेषण दिसले की मी थांबतो. इंग्रजीत समानार्थी शब्दांचा कोणताही कोश उघडला, तर या शब्दापुढे ओरल, स्पोकन, व्होकल, अनरिटन असे शब्द एका ओळीत मांडलेले आढळतात. पण एका ओळीत छापले म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतात असे नाही.

मुळाकडे गेले की निम्मा गुंता सुटतो. ‘व्हर्बल’ हा शब्द लॅटिनमधील ‘व्हर्बम’ या नामावरून आला असून त्याचा अर्थ ‘शब्द’ असा आहे. ‘ओरल’ हा शब्द ‘ओस’, म्हणजे तोंड, या नामापासून निघाला. संस्कृतातील ‘आस्य’ हा तोंडासाठीचा शब्द त्याच्याच कुळातला आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर एकाचा संबंध शब्दाशी आणि दुसऱ्याचा तोंडाशी. शब्द तोंडातून बाहेर पडतो तसा लेखणीतूनही उतरतो, म्हणून जे जे शब्दांत आहे ते ते ‘व्हर्बल’, मग ते बोललेले असो वा लिहिलेले. ‘ओरल’ मात्र तोंडाशी बांधलेले आहे. मराठीत हीच जोडी ‘शाब्दिक’ आणि ‘तोंडी’ अशी आहे, आणि आपण ती लहानपणापासून बिनचूक वापरत आलेलो आहोत. गणिताच्या पुस्तकातील ‘शाब्दिक उदाहरणे’ आठवावीत. एका टाकीत दोन नळांनी पाणी येते आणि एका नळाने जाते, तर टाकी किती वेळात भरेल, हे उदाहरण पूर्णपणे छापील असते. त्यात बोलण्याचा काहीही संबंध नसतो, फक्त ते आकड्यांत न मांडता शब्दांत मांडलेले असते. त्याच वर्गात ‘तोंडी परीक्षा’ही होते आणि तिथे कोणी कागद-पेन्सिल पुढे करत नाही. तोंडी हिशेब, तोंडपाठ पाढे, तोंडी आदेश यांत जसे तोंड आहे, तसेच ते जेवताना ‘तोंडी लावायला’ घेतलेल्या लोणच्यातही आहे. शाब्दिक कोटी, शाब्दिक चकमक, शाब्दिक अर्थ यांत मात्र भर शब्दावर आहे.

असे असूनही गोंधळ होतो, कारण इंग्रजीतच हा शब्द दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहे. ‘लेखी नव्हे, तर बोललेले’ या अर्थाने ‘व्हर्बल’चा वापर सोळाव्या शतकापासून चालत आलेला आहे. त्यामुळे ‘व्हर्बल अ‍ॅग्रीमेंट’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणाऱ्या व्याकरणपंडितांशी मी सहमत नाही. चारशेहून अधिक वर्षे रुळलेला अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शब्द चूक नाही, पण तो संदिग्ध आहे, आणि संदिग्धता गप्पांत खपते, करारात, औषधाच्या चिठ्ठीत किंवा सर्वेक्षणाच्या सूचनेत खपत नाही. आपल्या कार्यालयांतही ‘साहेबांशी व्हर्बली बोलणे झाले आहे’ असे वाक्य रोज कानांवर पडते. बोलणे व्हर्बली नाही तर आणखी कसे होणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्या वाक्याचा खरा अर्थ ‘कागदावर काही आलेले नाही’ एवढाच असतो. जुन्या टिपणीत हेच ‘महोदयांच्या तोंडी आदेशान्वये’ असे लिहिले जाई आणि त्यात शंकेला जागा नसे.

‘व्हर्बल’ लेखी असू शकते, याची सर्वांत ओळखीची खूण स्पर्धा परीक्षांत आहे. ‘व्हर्बल रीझनिंग’चे प्रश्न सोडवताना उमेदवाराने तोंड उघडले, तर पर्यवेक्षक त्याला बाहेर काढील. परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेतही या नावाचा विभाग आहे आणि त्यात उतारे वाचून, गाळलेल्या जागा भरून उत्तरे द्यावी लागतात. याच्या उलट ‘नॉन-व्हर्बल’ प्रश्नांत आकृत्या असतात. मराठीतील बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकांत यांना ‘शाब्दिक’ आणि ‘अशाब्दिक’ म्हटलेले आढळते, ते अगदी योग्य आहे. तिथे ‘तोंडी’ आणि ‘लेखी’ असे भाषांतर केले असते, तर विद्यार्थ्यांची धांदल उडाली असती.

याहून मजेदार उदाहरण राजनयाच्या क्षेत्रात सापडते. दोन देशांच्या परराष्ट्र खात्यांत किंवा दूतावासांत ज्या पत्राने औपचारिक निरोप जातो, त्याला ‘नोट व्हर्बाल’ असे फ्रेंच नाव आहे. हे पत्र छापील असते, तृतीय पुरुषात लिहिलेले असते, अमुक दूतावास अमुक मंत्रालयास सादर अभिवादन करतो अशा ठरावीक शब्दांनी त्याची सुरुवात होते, आणि त्यावर पूर्ण सही नसते, केवळ शिक्का आणि आद्याक्षरे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये बांगलादेशाने शेख हसीना यांच्या प्रत्यार्पणाची मागणी भारताकडे केली ती अशाच नोटेद्वारे. त्या वेळी ‘तोंडी नोट’ असे कोणी भाषांतर केले असते, तर वाचकाची समजूत दूताने येऊन कानात काही सांगितले, अशी झाली असती. प्रत्यक्ष भेटीत जे सांगायचे, त्याचीच कागदावरची नोंद, हा या नावामागचा इतिहास आहे. फ्रेंचमध्ये बैठकीच्या इतिवृत्ताला किंवा पोलिसांच्या पंचनामावजा नोंदीलाही ‘प्रोसे-व्हर्बाल’ म्हणतात, आणि तोही कागदच असतो.

आता ‘ओरल’कडे वळू. हा शब्द त्यामानाने सरळ आहे, पण त्यालाही दोन दालने आहेत. एक तोंडाने बोलण्याचे आणि दुसरे तोंड या अवयवाचे. डॉक्टर पोलिओची लस ‘ओरल’ म्हणतात तेव्हा थेंब तोंडावाटे द्यायचे असतात. ‘ओरल कॅन्सर’ म्हणजे तोंडाचा कर्करोग. इथे ‘व्हर्बल’ चुकूनही चालत नाही. आपल्या ‘मौखिक’ शब्दालाही हीच दोन दालने आहेत, कारण तो मुखापासून आला: मौखिक आरोग्य म्हणजे दात-हिरड्यांचे आरोग्य आणि मौखिक परंपरा म्हणजे ऐकून-सांगून चालत आलेली परंपरा. जात्यावरच्या ओव्या हे मौखिक परंपरेचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. अशा रचनांना इंग्रजीत ‘ओरल लिटरेचर’ म्हटले की काही विद्वान अडखळतात, कारण ‘लिटरेचर’ हा शब्द लॅटिनमधील ‘अक्षर’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. जे लिहिलेलेच नाही त्याला अक्षरांचे नाव कसे द्यावे, हा त्यांचा प्रश्न असतो. मराठीला ही अडचण येत नाही. ‘वाङ्मय’ या शब्दात ‘वाक्’ म्हणजे वाणीच बसलेली आहे, त्यामुळे दळता दळता गायिलेली ओवी आणि छापील कादंबरी या दोन्ही त्यात सुखाने मावतात.

ज्या ठिकाणी शब्दाची किंमत पैशांत किंवा तुरुंगवासात मोजली जाते ते ठिकाण म्हणजे कायदा, आणि तिथला मसुदाकार ‘व्हर्बल’पासून सहसा चार हात लांब राहतो. आपल्याकडील भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे आणि त्यानुसार साधारणपणे तोंडी करारही वैध असतो. तो सिद्ध करणे अवघड असते, ही गोष्ट वेगळी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा आहे. त्यातील भाडेपट्ट्याविषयीच्या १०७ व्या कलमात ‘ओरल अ‍ॅग्रीमेंट’ असेच शब्द आहेत: एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीकृत दस्त लागतो, इतर भाडेपट्टे तोंडी कराराने आणि ताबा देऊन होऊ शकतात. महाराष्ट्रात मात्र एवढ्यावर विसंबून चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार घर भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे, नोंदवलेला असला पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा एजंट ‘सगळे व्हर्बली ठरले आहे, काळजी नको’ असे म्हणाला, तर काळजी नक्की कोणी करायची हे आधी पाहावे.

साक्षीपुराव्याच्या कायद्यातही पुराव्याचे प्रकार ‘ओरल’ आणि ‘डॉक्युमेंटरी’ असे सांगितलेले आहेत. १८७२ च्या जुन्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली, तरी ही विभागणी तशीच राहिली. फक्त इलेक्ट्रॉनिक माध्यमातून न्यायालयापुढे दिलेली निवेदनेही तोंडी पुराव्यात समाविष्ट झाली. या कायद्यातील एक कलम शब्दांची आवड असणाऱ्याने मुद्दाम वाचावे. जुन्या कायद्यात ते ११९ वे होते, नव्यात १२५ वे आहे. जो साक्षीदार बोलू शकत नाही, त्याने आपली साक्ष लिहून किंवा खुणांनी द्यावी, मात्र ते लिहिणे आणि त्या खुणा खुल्या न्यायालयात व्हाव्यात, आणि अशा रीतीने दिलेला पुरावा ‘ओरल’ समजला जावा, असे ते कलम सांगते. न्यायाधीशासमोर बसून माणूस कागदावर ओळी लिहितो आहे, त्याच्या ओठांतून एक अक्षरही फुटत नाही, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तो तोंडी साक्ष देतो आहे. हा विनोद वाटला तरी त्यामागचा विचार पक्का आहे. तोंडी पुराव्याचे मर्म तोंडात नसून साक्षीदाराने न्यायालयापुढे प्रत्यक्ष सांगण्यात आणि उलटतपासणीला सामोरे जाण्यात आहे.

पण याच कलमाच्या शीर्षकात एक गाठ बसलेली आहे. पूर्वी तिथे ‘मुका साक्षीदार’ या अर्थाचे शब्द होते. २०१३ च्या दुरुस्तीने ते हटवून ‘व्हर्बली संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ अशा अर्थाचे शीर्षक आले. जुने शब्द मन दुखावणारे होते, ते गेले हे चांगलेच झाले. पण नव्या शब्दाने वेगळी पंचाईत केली, कारण जो माणूस वाक्ये लिहू शकतो तो शब्दांनी संवाद साधतोच आहे, म्हणजे तो पूर्णपणे ‘व्हर्बल’ आहे. त्याला जमत नाही ते बोलणे. कलमाच्या पोटात ‘बोलू न शकणारा’ असे साधे शब्द आहेतच, तेच वर चालले असते.

न्यायालयाच्या दारात उभे आहोत तोवर आणखी एक नमुना पाहून घ्यावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या अनेक निकालपत्रांवर ठळक अक्षरांत ‘ओरल जजमेंट’ असे छापलेले असते. वीस पानी टंकलिखित कागदावर ‘तोंडी’ हा शब्द वाचून पक्षकार चकित होतो. न्यायमूर्तींनी तो निकाल राखून न ठेवता भर न्यायालयात सांगितला, लघुलेखकाने उतरवून घेतला आणि मग तो टंकित झाला, एवढाच त्याचा अर्थ आहे. वर्तमानपत्रांत येणारी न्यायालयाची ‘तोंडी टिप्पणी’ मात्र अगदी वेगळी वस्तू आहे. सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलले, ते आदेशात उतरले नाही तर ते बंधनकारक नसते.

बाकीचे समानार्थी शब्द थोडक्यात पाहता येतील. ‘स्पोकन’ हा सर्वांत साधा आणि सर्वांत सुरक्षित. जिथे केवळ ‘बोललेले’ असे म्हणायचे आहे, तिथे तो वापरला तर कोणाचीही फसगत होत नाही. ‘व्होकल’ शब्दाशी नव्हे, आवाजाशी बांधलेला आहे, म्हणून गाणे व्होकल असते, पण करार व्होकल नसतो. एखादी व्यक्ती एखाद्या प्रश्नावर ‘व्होकल’ आहे असे म्हटले, तर ती जाहीरपणे आणि ठामपणे बोलते असा अर्थ होतो. भरतमुनींच्या परंपरेतील आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी ‘वाचिक’ कोणत्या इंग्रजी शब्दाने सांगावा, असे मला एकदा विचारले होते. त्यात शब्दही आहेत आणि स्वरही, त्यामुळे ‘व्हर्बल’ आणि ‘व्होकल’ यांपैकी कोणताही एक अपुराच पडतो. ‘व्हायवा व्होची’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘जिवंत आवाजाने’. त्याचा पहिला अर्धा भाग आपल्या महाविद्यालयांत ‘व्हायवा’ म्हणून मुक्कामाला आला आहे, आणि बाह्य परीक्षकासमोर घशाला पडलेली कोरड आठवली, की त्या ‘जिवंत’चा अर्थ नीट कळतो. ‘ऑरल’, म्हणजे कानाशी संबंधित, हा शब्द ब्रिटिश उच्चारात ‘ओरल’सारखाच ऐकू येतो, त्यामुळे भाषेच्या परीक्षेत ऐकण्याची चाचणी आहे की बोलण्याची, हे कागदावर पाहिल्याशिवाय कळत नाही.

वकिलांच्या ठेवणीतले एक विशेषण मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘नंक्युपेटिव्ह’ हे विशेषण फक्त मृत्युपत्राला लागते आणि त्याचा अर्थ ‘तोंडी सांगितलेले’ असा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र सामान्यतः लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते. पण मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकाला, तसेच समुद्रावरील खलाशाला, एकाच वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांसमोर आपली इच्छा तोंडाने सांगता येते. पुढे तो सुखरूप परतला आणि ही सवलत मिळण्याची परिस्थिती संपली, तर त्यानंतर एका महिन्याने ते तोंडी मृत्युपत्र आपोआप रद्द होते. लेखी मृत्युपत्र असे वेळेने विरत नाही.

‘नॉन-व्हर्बल’ हा शब्द जितक्या सहज वापरला जातो तितका तो निरुपद्रवी नाही. हातवारे, नजर, बसण्याची ढब या अर्थाने तो ठीक आहे. पण कर्णबधिर व्यक्तींच्या खुणांच्या भाषेला ‘नॉन-व्हर्बल’ म्हणणे ही सरळ चूक आहे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे शब्द आहेत, स्वतःचे व्याकरण आहे. ती व्हर्बल आहे, फक्त ओरल नाही. हा भेद न ओळखण्याची किंमत मोठी होती. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलूनच शिकवावे असा ठराव केला, अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, आणि ते ठराव नाकारून खेद व्यक्त करायला २०१० मधील व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही हेच. जे मूल बोलत नाही, पण टॅबवर अक्षरे जुळवून ‘पाणी’ किंवा ‘आई, घरी चल’ असे सांगते, त्याच्या कागदपत्रांवर ‘नॉन-व्हर्बल’ असा शेरा मारणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ‘न बोलणारे’ एवढे पुरे आहे.

याच्या उलट, जिथे ‘व्हर्बल’ हाच शब्द चपखल बसतो असेही एक ठिकाण आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. जिथे मृत्यू घरी होतो आणि डॉक्टरने कारण लिहून दिलेले नसते, तिथे आरोग्य कार्यकर्ती नंतर त्या घरी जाते आणि नातेवाइकांना ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारते: ताप किती दिवस होता, श्वास जलद चालत होता का, बाळ दूध ओढत होते का. या उत्तरांवरून मृत्यूचे संभाव्य कारण ठरवण्याच्या पद्धतीला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालमृत्यूंची कारणे शोधण्यासाठी ही पद्धत वापरली. इथे देह समोर नाही, चाकू नाही, प्रयोगशाळा नाही. जे काही आहे ते आईच्या शब्दांत आहे, म्हणून ‘व्हर्बल’. तिला ‘ओरल ऑटॉप्सी’ म्हटले असते, तर वैद्यकीय कानाला ती तोंडाची तपासणी वाटली असती. मराठीत मी तिला ‘तोंडी’ म्हणत नाही आणि ‘शाब्दिक शवविच्छेदन’ही मला रुचत नाही, कारण शवही नाही आणि विच्छेदनही नाही, ‘मुलाखतीवरून मृत्यूचे कारण ठरवणे’ असे लांबलचक लिहावे लागले तरी तेच बरे वाटते.

भाषांतर करताना आता माझी कसोटी साधी झाली आहे. वाक्यात ‘लेखी’ हा विरुद्धार्थी शब्द बसत असेल, तर ‘व्हर्बल’साठी ‘तोंडी’ लिहावे. ‘चित्रांतून’, ‘आकड्यांतून’ किंवा ‘कृतीतून’ असा विरोध बसत असेल, तर ‘शाब्दिक’. ‘व्हर्बल अब्यूज’साठी दोन्हींपैकी काहीच नको, आपल्याकडे ‘शिवीगाळ’ आहे. त्या आरोग्य सर्वेक्षणाची दुसरी फेरी निघाली, तेव्हा मी पहिल्या पानावरची ती ओळ बदलून घेतली: ‘प्रश्न विचारण्यापूर्वी व्यक्तीची तोंडी संमती घ्यावी, सही किंवा अंगठा घेऊ नये.’